टपावरचा दिवा

करंजवाडी, ता. मुळशी
१४ ऑगस्ट २००२

विलासदादा,

तुला नमस्कार, वहिनीला आठवण, आणि आता तक्रार. पौडला फोन करायला गेले की दुकानदार गिऱ्हाईक सोडून माझंच बोलणं ऐकत बसतो, म्हणून पत्र लिहिते आहे.

मला ह्या रस्त्याचा वीट आलाय. पावसाळा लागला की रविवारी सगळं पुणं आमच्या दारावरून धबधबे बघायला जातं. बाटल्या भाताच्या खाचरात फोडतात. मागच्या आठवड्यात चिखलणी करताना मामंजींच्या टाचेत काच घुसली. रस्त्याच्या कडेला कुठे पाय ठेवावा असं वाटत नाही, इतकी घाण. आणि संध्याकाळी हीच मंडळी परत निघाली की सगळ्यांचे दिवे डोळ्यांवर. समोरून कोणी येत असेल तर अप्पर खाली करावा, एवढंही त्यांना ठाऊक नसतं. असलं तरी करत नाहीत.

शनिवारी सृष्टीला पिरंगुटच्या डॉक्टरकडे नेलं होतं. परत यायला अंधार पडला. आपल्या जीपचे दिवे म्हणजे देवळातली समई. समोरच्या गाडीनं डोळे दिपवले आणि ती पुढे गेल्यावर काहीच दिसेना. रस्त्यातच एक डंपर बंद पडून उभा होता. मागे दिवा नाही, फांदी लावलेली नाही, दगड ठेवलेला नाही. ह्यांनी शेवटच्या क्षणाला जीप चारीत घातली म्हणून आम्ही आहोत. सृष्टीचा ओठ फाटला. ड्रायव्हर डंपरखाली गोधडी टाकून झोपला होता. उठून म्हणाला, "बघून चालवता येत न्हाई का?"

हे रोज पहाटेच्या अंधारात भाजी घेऊन मार्केटला जातात. ते परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. तुझं एवढं मोठं दिव्यांचं दुकान आहे. बहिणीच्या जीपला धड दिसेल असं काहीतरी दे.

तुझी
सुलक्षणा


सातारा
२२ ऑगस्ट २००२

सुले,

भाचीच्या ओठाचं वाचून जेवण गेलं नाही. एसटीनं पार्सल पाठवलंय, पुण्यात स्वारगेटला उतरवून घ्यायला सांग.

तू त्या रस्त्याला वैतागलीस, मी ह्या धंद्याला. दिवसभर गिऱ्हाईक येतं आणि काय मागतं माहीत आहे? काल एक जण म्हणाला, "असा बल्ब द्या की समोरच्यानं गाडी बाजूलाच घेतली पाहिजे." स्वतःला दिसावं म्हणून दिवा मागणारा वर्षातून एखादा येतो. बाकीच्यांना दुसऱ्याला दिसू द्यायचं नसतं. मी नाही म्हटलं की शेजारच्या दुकानात जातात, आणि तो हसत हसत बसवून देतो. संध्याकाळी घरी जाताना तोच बल्ब माझ्या डोळ्यांवर येतो.

एकनाथरावांना सांग, पार्सलमध्ये दोन नवे गोल दिवे आहेत, काच आणि आतला रिफ्लेक्टर दोन्ही नवे. जुना रिफ्लेक्टर गंजला असेल तर त्यात सूर्य बसवला तरी उपयोग नाही. हॅलोजन बल्ब साधेच आहेत, जास्त वॅटचे मुद्दाम दिलेले नाहीत. स्विचवर भार येऊ नये म्हणून रिले आहे, जाड वायर आहे. बॅटरीपासून थेट वायर ओढून घ्यायची. जुन्या वायरिंगवर बसवले तर दिवे मंदच लागतील आणि एक दिवस वायर वितळेल.

आणि हे विसरू नका. दिवे बसवले की गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर उभी करा आणि डिपर लावा. भिंतीवरचा उजेड दिव्यांच्या उंचीपेक्षा थोडा खालीच पडला पाहिजे. डावीकडे जरा वर चढेल, तो कडेनं चालणाऱ्या माणसासाठी असतो. समोरच्याच्या डोळ्यांत आपला उजेड गेला तर तुमचे डोळे दिपवणाऱ्या त्या गाडीवाल्यात आणि आपल्यात फरक काय?

विलास


करंजवाडी
१८ सप्टेंबर २००२

विलासदादा,

दिवे बसवले. शाळेच्या भिंतीवर उजेड पाडून, खडूनं खूण करून, तू सांगितलंस तसे लावले. पहिल्या दिवशी सासू-सासऱ्यांना घेऊन आम्ही सगळे नुसते बघायला पौडपर्यंत जाऊन आलो. रस्त्यावरचा खड्डा आधीच दिसतो, कडेनं जाणारी बाई, तिच्या डोक्यावरचा भारा, सगळं दिसतं. आत्याबाई म्हणाल्या, "आता कुटं गाडीला डोळं आलं."

त्यानंतर आठवडाभरातच मामंजींच्या छातीत दुखायला लागलं. धो धो पाऊस, निम्मी रात्र झालेली. जुन्या दिव्यांवर ह्यांनी गाडी काढलीच नसती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. मामंजी आता अंगणात बसून सगळ्यांना ओरडतात, म्हणजे बरे आहेत.

ह्या दिव्यांचं कौतुक गावाबाहेरही गेलंय. तिकडे तळ्याकाठी नवं शहर होणार म्हणतात, म्हणून पुण्याची माणसं जमिनी बघत हिंडत असतात. त्यातले एक दयानंदशेठ. आपली वरची जमीन त्यांनीच घेतली. ते आता ह्यांच्याच जीपमधून फिरतात, आणि साइटचं काम सुरू झालं की जीप कायमची भाड्यानं लावून घेतो म्हणतात. मला तो माणूस आवडत नाही. आमच्या अंगणात उभा राहून तुळशीच्या कट्ट्याशेजारी पिचकारी मारतो, आणि हे बघून न बघितल्यासारखं करतात.

खाली ह्यांना दोन ओळी लिहायच्या आहेत.

सुलक्षणा

विलासराव, दिवं लई झ्याक. आता येक काम करा. टपावर बसवायचा मोठा दिवा धाडा, लांब फेक आसलेला. हातानं चौबाजूला फिरला पायजे. ताम्हिणीकडं धुकं लई आसतंय. एकनाथ.


सातारा
२७ सप्टेंबर २००२

एकनाथराव,

दिवे चांगले बसले हे वाचून बरं वाटलं. वडिलांची तब्येत जपा.

पण टपावरच्या दिव्याचं मला कळलं नाही. धुक्यात उंचावरून उजेड टाकला की तो धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो, पुढे नुसती पांढरी भिंत उभी राहते. धुक्याचा दिवा खाली, बंपरच्या उंचीला लावतात, आणि त्याचा उजेड रुंद आणि जवळ पडतो. लांब फेकीचा, हातानं फिरणारा दिवा धुक्याच्या काही कामाचा नाही. पाहिजे तर खालच्या दिव्यांची जोडी पाठवतो.

आपला
विलास


करंजवाडी
६ ऑक्टोबर २००२

विलासराव,

तुमचं पत्र पोचलं. तुमी म्हन्ता ते खरं आसंल, पर मला टपावरचाच पायजे. हितं वळणं लई. वळणावर गाडीचा दिवा सरळ जातुया आन दरी आंधारात ऱ्हाती. हातानं फिरवला तर कडंला काय हाय ते दिसंल. शेट सोबत आसत्यात, ते फिरवतील. पैशाची काळजी करू नका, शेटच देनार हायेत.

आमी तुमच्याकडं कधी काय मागितलं न्हाई. लग्नातबी न्हाई. येवडं येक धाडा.

एकनाथ


करंजवाडी
२० नोव्हेंबर २००२

दादा,

हे पत्र वाचलंस की फाडून टाक, वहिनीलाही दाखवू नकोस.

तू पाठवलेला टपावरचा दिवा आल्यापासून हे दर शनिवारी रात्री शेठ आणि त्यांच्या दोन मित्रांबरोबर बाहेर पडतात आणि उजाडता येतात. विचारलं की सांगतात, पाहुण्यांना जागा दाखवायची असते. अंधारात कोण जागा बघतं? आधी मला वाटलं, पितात. तेवढंच असतं तर बरं झालं असतं.

गाडी ओढ्यावर धुऊनच घरी आणतात. एरवी हा माणूस स्वतःचा तांब्या विसळत नाही. ह्या रविवारी मी मागच्या सीटखाली सृष्टीची चप्पल शोधत होते. फिनेलचा वास मारत होता, आणि त्याच्याखाली दुसरा वास. पत्र्याच्या खाचेत रक्त सुकलेलं होतं आणि त्यात केस चिकटलेले. मी हात फडक्याला पुसला आणि नंतर ते फडकं चुलीत घातलं.

ह्यांना विचारलं तर म्हणाले, "शेटच्या पार्टीचं मटण हुतं." मटणाला केस कुठले?

दादा, मला वाटतं ह्यांनी कोणालातरी उडवलं, आणि मागे टाकून कुठेतरी नेऊन सोडलं. मी रोज पेपर घेऊन मुळशीची बातमी शोधते. काही नसलं की सुटल्यासारखं वाटतं, आणि मग स्वतःचीच शिसारी येते, की मी कोणाच्या तरी मरणाची बातमी नसावी म्हणून देव पाण्यात ठेवून बसले आहे आणि तोंड उघडत नाही. रोज ह्यांच्या ताटात भाकरी वाढते. काय करू ते सांग.

सुलक्षणा


सातारा
२८ नोव्हेंबर २००२

सुले,

पत्र वाचून मी आधी घाबरलो. मग दुकानात बसल्या बसल्या वेगळंच डोक्यात आलं, आणि आता ते जाता जात नाही.

माणूस नसावा. ते केस परत दिसले तर नीट बघ. आखूड, ताठ, तांबूस असतील.

कोयनेच्या बाजूचे काही लोक माझ्याकडे असाच दिवा मागायला येतात. लांब फेकीचा, हातानं फिरणारा, टपावर बसणारा. मी त्यांना देत नाही, कारण तो रस्ता बघायला नसतोच. रानात गाडी घालतात आणि दिवा गवतावरून फिरवत नेतात. जनावराच्या डोळ्यांत उजेड गेला की ते जागच्या जागी थिजतं. पळत नाही. मग बंदूकवाल्यानं गाडीत बसल्या बसल्या मारायचं. जत्रेतल्या बाटलीवर नेम धरावा तसं. बोलतात मात्र असे, की जणू वाघाशी झुंजून आलेत.

धुक्यासाठी टपावर दिवा, हे वाचलं तेव्हाच मनात चुकचुकलं होतं. जावयानं लग्नाचा शब्द काढला म्हणून गप्प बसलो आणि पाठवला.

तू त्यांना सरळ विचार. आणि रात्रीच्या वेळी सृष्टीला त्या जीपमध्ये पाठवू नकोस.

विलास


करंजवाडी
९ डिसेंबर २००२

दादा,

विचारायची वेळच आली नाही. तुझं पत्र शनिवारी मिळालं आणि रविवारी उजाडता जीप थेट अंगणात आली.

शेठ आणि त्यांचे मित्र उतरले. मागून भेकर काढलं आणि माझ्या धुण्याच्या दगडावर टाकलं. शेठ म्हणाले, "वहिनी, आज तुमच्या हातचं." बहिरूला बोलावून सोलायला बसवलं. तो खालच्या आळीचा, डुकरं सोलण्यात तरबेज. त्यानं पोट फाडलं आणि थांबला. आत पिल्लू होतं, अंगावर ठिपके आलेलं. बहिरू ह्यांच्याकडे बघायला लागला. शेठचा एक मित्र हसला आणि म्हणाला, "एकावर एक फुकट." बाकीचेही हसले. दादा, हेही हसले.

मी गोठ्यामागे जाऊन ओकले. आपण काही माळकरी नाही, बाबा कोंबडी आणायचे तेव्हा मीच साफ करायला बसायचे. ही किळस मांसाची नव्हती. त्या हसण्याची होती.

तरी मी रांधलं, हे तुला सांगायला लाज वाटते. पाहुणे आपला वाटा घेऊन गेले. दुपारी मामंजी जेवायला बसले. तरुणपणी ते पट्टीचे शिकारी होते, गेणबा म्हणून सगळ्या मावळात त्यांचं नाव होतं. वास येताच खूष झाले. पहिला घास घेतला आणि ह्यांना विचारलं, "कुटं घावलं?"

"वरच्या माळावर."

"हाका कुनी घातला? कुत्री कुनाची हुती?"

"कुत्री न्हवती."

"मंग पायी किती लांब गेलासा?"

"गाडीतनंच. दिव्यात धरलं की हालत न्हाई ते."

मामंजींनी तोंडातला घास हातात काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. "म्हंजी आंधळं करून मारलंत," म्हणाले. आत्याबाई काहीतरी बोलायला गेल्या, तर त्यांना हातानंच थांबवलं. "आमी लई मारलं. पर त्येला पळाया वाट आसायची. कंदी त्ये सुटायचं, आन आमी रिकामं यायचू. ह्ये काय हाय?" मग उठले, मोरीवर गेले आणि किती तरी वेळ चुळा भरत राहिले. त्या दिवसापासून ते ह्यांच्याशी बोललेले नाहीत.

मी रात्री ह्यांना म्हटलं, बंद करा. म्हणाले, "शेटला दुखवून चालनार न्हाई. जीप लागली म्हंजी बघू." आणि कूस बदलून झोपले. त्यांच्या अंगाला तो वास येतो. साबणानं जात नाही, की माझ्या नाकातूनच जात नाही, मला कळत नाही.

सुलक्षणा


सातारा
१५ डिसेंबर २००२

सुले,

बस झालं. सृष्टीला घे आणि निघून ये. शाळेचं मी इथे बघतो. तू म्हणशील तर पुढच्या रविवारी मीच येतो, आणि त्या शेठसमोर तो दिवा टपावरून उपटतो. फॉरेस्टच्या माणसांनाही घेऊन येऊ शकतो, माझ्या ओळखीचे आहेत. पण मग एकनाथराव पहिले आत जातील. ते तुझ्या हातात ठेवतो.

त्यांना पत्र लिहायला बसलो होतो. दोनदा फाडलं. 'दाजी' लिहायला हात वळत नाही.

विलास


करंजवाडी
५ जानेवारी २००३

विलासदादा,

तू येऊ नकोस. मीही आत्ता येत नाही. काय झालं ते सांगते.

मागच्या शनिवारी शेठ आणि त्यांचे मित्र आले तेव्हा मी सृष्टीला आत्याबाईंजवळ निजवलं, स्वेटर घातला आणि जीपमध्ये पुढे, ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. शेठ म्हणाले, "वहिनी, तुम्ही कुठे? थंडी फार आहे." मी म्हटलं, माझ्या भावानं पाठवलेला दिवा आहे, मला बघायचाय. हे खाली बघत गाडी सुरू करायला लागले.

वरच्या माळावर गेलो. आमचीच जमीन होती ती, आता शेठची. गाडी हळू हळू चालली होती. शेठचा मित्र मागे उभा राहून बंदूक टपावर टेकवून होता. आणि दिवा कोण फिरवत होतं माहीत आहे? शेठ नाही, हेच. एका हातात स्टिअरिंग, दुसरा हात खिडकीतून वर. सराईतासारखा. उजेड गवतावरून सरकत गेला आणि थांबला. दोन डोळे. ससा होता. मागचे पाय आखडून बसलेला, कान ताठ, जिवंत आहे की मातीचा कळू नये असा. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "धरून ठेव."

मी हात घातला आणि हॉर्न दाबला. दाबूनच धरला. सशाच्या अंगातून झटका गेल्यासारखं झालं आणि तो नाहीसा झाला.

"वहिनी, हे काय चाललंय?" शेठ म्हणाले. ह्यांनी गिअर टाकला. गाडी पुढे गेली. दुसऱ्यांदा भेकर दिसलं, मी पुन्हा हॉर्न दाबला. खाली वाडीतली कुत्री भुंकायला लागली. शेठ ह्यांना म्हणाले, "एकनाथ, बाईला आवर." ह्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत राहिले. तेव्हा शेठनं मागून वाकून माझं मनगट धरलं आणि पिरगाळलं.

ह्यांनी गाडी थांबवली. आवाज न चढवता म्हणाले, "शेट, हात सोडा तिचा." त्यांनी सोडला. मग हे टपावरचा दिवा बंद करून गाडी वळवून सरळ खाली घेऊन आले. शेठ त्यांच्या मोटारीजवळ उतरताना म्हणाले, "तुझी जीप साइटवर दिसायला नको." हे म्हणाले, "बरं." एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो दिवा काढला आणि पान्यानं ठेचून भंगारवाल्याला दिला. तू हे वाचून खूष होशील. मीही झाले असते. पण त्या रात्री घरी येताना रस्त्यात जे झालं ते अजून कोणालाच सांगितलेलं नाही.

मी ह्यांना म्हटलं, "शेठ नाराज होऊ नयेत म्हणून करत होता ना हे सगळं? जीप लागावी म्हणून?" उत्तर मीच त्यांच्या तोंडात देत होते. त्यांनी नुसतं "व्हय" म्हटलं असतं तरी मी ते घेऊन गप्प बसले असते. त्यांनी एक वळण घेतलं. मग म्हणाले, "पयल्या येळंला तसंच हुतं. मंग मलाच शनवारची वाट बघाया लागली."

मी विचारलं, का?

"ते दिव्यात बघत ऱ्हातंय. मी दिवा हालवला की त्येची मान हालती. थांबवला की थांबतंय." गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि म्हणाले, "माजं येवडं कुनीच आयकत न्हाई."

दादा, मी दाराला चिकटून बसले. माझ्या अंगावर पाल पडली असती तरी मी इतकी शहारले नसते. हाच माणूस मामंजींना घेऊन पावसात पौडला गेला होता, ह्यानंच त्या डंपरपासून आम्हाला वाचवलं. आणि ह्याच्याच हातानं ते भेकर धरून ठेवलं होतं, पिल्लू पोटात असलेलं. त्यांनी थाप मारली असती तर मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं साताऱ्याला आले असते. खरं ऐकल्यावर का थांबले, ते मला नीट सांगता येत नाही. ते सांगताना त्यांचा आवाज लहान झाला होता. एवढंच मला माहीत आहे.

किळस गेलेली नाही. जाईल असंही म्हणत नाही. सृष्टीला घेऊन मी आत्याबाईंच्या खोलीत झोपते. मामंजी अजून बोलत नाहीत. हे पहाटे भाजी घेऊन जातात, उजाडल्यावर येतात आणि हातपाय धुऊन जेवायला बसतात. मी वाढते. ताट त्यांच्या हातात देत नाही, जमिनीवर ठेवते आणि मागे सरते. ते वाकून उचलून घेतात.

सुलक्षणा